कळतं पण वळत नाही: ग्रीकांच्या सद्गुणविचाराची सोपी ओळख

व्यायामशाळेची भिंत, कंपनीतल्या प्रशिक्षणाची स्लाइड, मोबाइलवरची रील, सगळीकडे एक वाक्य गेली काही वर्षं पुन्हा पुन्हा भेटतं: आपण वारंवार जे करतो तेच आपण असतो, म्हणून श्रेष्ठत्व ही एखादी कृती नाही, ती सवय आहे. खाली नाव असतं ॲरिस्टॉटलचं.

वाक्य त्याचं नाही. अमेरिकी लेखक विल ड्युरंट यांनी १९२६ साली सर्वसामान्य वाचकांना तत्त्वज्ञांची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं. त्यात ॲरिस्टॉटलचा विचार स्वतःच्या शब्दांत मांडताना हे वाक्य त्यांच्या लेखणीतून उतरलं. पुढे लिहिणाऱ्याचं नाव गळालं आणि ज्याच्याविषयी लिहिलं त्याचं चिकटलं.

नावाची चूक एक वेळ सोडून देऊ. मला जास्त खटकतं ते हे की वाक्यात अर्धीच गोष्ट आहे. पहाटे पाचला उठणं ही सवय आहे, तसा खिसा कापणाऱ्याचा हातही सवयीनंच बसलेला असतो. ॲरिस्टॉटलला सवयीच्या पुढचं काही सांगायचं होतं. ते समजून घ्यायला आपल्याकडे एक फार चांगली किल्ली आहे, आणि ती घराघरांत ऐकू येते: ‘कळतं पण वळत नाही.’ सॉक्रेटिस, त्याचा शिष्य प्लेटो आणि प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल या तीन पिढ्यांचा मोठा वाद या चार शब्दांभोवती फिरतो, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

## आधी प्रश्न बदलायचा

रिक्षात कुणाची तरी बॅग राहिली. आत पैसे आहेत. रिक्षावाला ती परत नेऊन देतो. हे योग्य का, असं विचारलं तर आज बहुतेक जण दोनपैकी एक उत्तर देतील. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेऊ नये हा नियमच आहे, हे एक. परत केल्यानं सगळ्यांचं मिळून जास्त भलं होतं, हे दुसरं. पहिल्यामागे जर्मन तत्त्वज्ञ कांट उभा असतो, दुसऱ्यामागे इंग्लंडचे बेंथम आणि मिल. दोन्ही उत्तरांची नजर कृतीवर आहे.

ग्रीक विचारवंत बॅगेआधी रिक्षावाल्याकडे बघतो. समजा असे तीन रिक्षावाले आहेत. पहिल्यानं बॅग परत केली, कारण चौकात कॅमेरा होता. दुसऱ्याला मोह झाला, रात्रभर तळमळला, पण सकाळी मन घट्ट करून देऊन आला. तिसऱ्याच्या मनाला ठेवून घेण्याचा विचार शिवलाही नाही. ज्याची हरवली तो बिचारा कुठे शोधत असेल, एवढाच घोर त्याला लागला. तिघांची कृती एकच आहे, माणसं मात्र तीन वेगळी.

‘मी काय करावं?’ याच्या आधी ‘मी कसा माणूस व्हावं?’ हा प्रश्न ठेवणाऱ्या विचाराला सद्गुण-नीती म्हणतात. त्यातला पहिला रिक्षावाला ग्रीकांना चांगला परिचयाचा होता. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये त्याचा भाऊ ग्लाउकॉन एक गोष्ट सांगतो. लिडिया देशातल्या एका मेंढपाळाला अंगठी सापडते. तिचा खडा आतल्या बाजूला फिरवला की घालणारा अदृश्य होतो. मेंढपाळ राजवाड्यात शिरतो, राणीला वश करतो, राजाला मारतो आणि गादी बळकावतो. ग्लाउकॉन विचारतो, अशी अंगठी हाताशी असताना सज्जन राहील असा एक तरी माणूस आहे का? कॅमेरा बंद असेल तर? प्लेटोला या प्रश्नाचं उत्तर द्यायला पुस्तकाचा उरलेला बहुतेक भाग लागला. त्याचा गाभा असा, की अन्याय करणारा आधी स्वतःच्या मनाची घडी विस्कटतो, आणि विस्कटलेल्या मनानं राज्य मिळालं तरी ते भोगता येत नाही.

## ‘सद्गुण’मधला ‘सद्’ जरा बाजूला ठेवू

‘सद्गुण’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खाली मान घालून बसलेला, कुणाला उलट न बोलणारा मुलगा येतो. ग्रीक शब्द आहे ‘आरेते’, आणि त्याचा या चित्राशी फारसा संबंध नाही. आरेते सुरीला असते, घोड्याला असते, डोळ्याला असते. सुरीची आरेते धार, घोड्याची दौड आणि स्वाराला नीट पेलणं, डोळ्याची स्वच्छ दिसणं. जी वस्तू ज्या कामाची, ते काम तिच्याकडून उत्तम होणं म्हणजे आरेते.

मराठीत आपण म्हणतो, ‘औषधाचा गुण आला.’ या वाक्यातला ‘गुण’ आरेतेच्या सगळ्यात जवळचा आहे. औषध सज्जन झालं असं आपल्याला म्हणायचं नसतं. ते लागू पडलं, त्याचं काम त्यानं केलं, एवढंच म्हणायचं असतं.

मग माणसाचं काम कोणतं? सुताराचं आहे, चांभाराचं आहे, डोळ्याचं आणि हाताचं आहे, तर माणूस म्हणून माणसाचं काही असेलच, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. त्याचं उत्तर: विचारानं जगणं, आणि तेही एखाद-दुसऱ्या दिवसापुरतं नाही, आयुष्यभर. एक चिमणपाखरू दिसलं म्हणून वसंत येत नाही, हे त्यानं याच ठिकाणी म्हटलंय. असं जगणं ज्याला साधलं त्याच्या आयुष्याला ग्रीक ‘युडायमोनिया’ म्हणत. त्याचं भाषांतर बऱ्याचदा ‘सुख’ असं होतं आणि तिथून घोटाळा सुरू होतो, कारण सुख दुपारच्या झोपेतही असतं. ‘जन्माचं सार्थक झालं’ असं म्हणताना आपण जे म्हणतो, ते जास्त जवळचं. इथून पुढे मी ‘सार्थक’च म्हणेन.

## शूर कोण? दोन सेनापती आणि एक साधा प्रश्न

आता थोडं थांबून एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण सगळा गुंता तिच्यात दिसतो. प्लेटोचा ‘लाकेस’ नावाचा छोटा संवाद आहे. लिसिमाखस आणि मेलेसियस हे दोन म्हातारे बाप त्यात चिंतेत पडलेत. त्यांचे स्वतःचे वडील अथेन्समधले नामवंत पुढारी होते, पण गावाच्या कारभारात गुंतलेल्या त्या वडिलांनी मुलांकडे लक्ष दिलं नाही, आणि या दोघांच्या हातून सांगण्यासारखं काही घडलं नाही. निदान आपल्या मुलांचं तसं होऊ नये म्हणून ते लाकेस आणि निकियास या दोन अनुभवी सेनापतींना विचारतात, मुलांना चिलखत घालून लढायचं शिक्षण द्यावं का? दोघा सेनापतींचं एकमत होत नाही. मग तिथेच असलेल्या सॉक्रेटिसला ओढलं जातं.

सॉक्रेटिस विचारतो, ज्यासाठी हे शिक्षण द्यायचं ते शौर्य म्हणजे काय? लाकेसला वाटतं, यात काय अवघड आहे. रांगेतली जागा न सोडता शत्रूला तोंड देणारा तो शूर. सॉक्रेटिस म्हणतो, सिथियन घोडेस्वार तर पळता पळता लढतात. प्लाटियाच्या लढाईत स्पार्टाचे सैनिक आधी मागे हटले आणि इराण्यांची फळी फुटल्यावर वळून लढले. शिवाय आजारपणात, गरिबीत, स्वतःच्या मोहासमोर टिकून राहणारे शूर नाहीत का?

लाकेस व्याख्या बदलतो: मनाचा चिवटपणा. मूर्खपणाचा चिवटपणाही शौर्य का, या प्रश्नावर तोही अडतो. मग निकियास अधिक विचारानं बोलतो. कशाला भ्यावं आणि कशाला भिऊ नये याचं ज्ञान म्हणजे शौर्य. न समजता बेफिकीर असलेल्या जनावराला किंवा लहान मुलाला तो शूर म्हणायला तयार नाही. सॉक्रेटिस त्यालाही पुढे नेत नेत दाखवतो, की हे तर साऱ्या भल्याबुऱ्याचं ज्ञान झालं, म्हणजे एकट्या शौर्याची व्याख्या राहिली नाही, सगळ्या सद्गुणांची झाली. संवाद उत्तराशिवाय संपतो. उद्या सकाळी पुन्हा भेटू, असं ठरतं.

प्लेटोनं हे लिहिलं तेव्हा वाचणाऱ्या प्रत्येक अथेन्सवासीयाला निकियासचं पुढे काय झालं ते माहीत होतं. इ.स.पू. ४१३ मध्ये तो सिसिली बेटावर सिराक्यूजसमोर अडकलेल्या सैन्याचा सेनापती होता. निघून जायची तयारी झाली आणि ऑगस्टच्या अखेरीस चंद्रग्रहण लागलं. ज्योतिष्यांनी तीन नवक, म्हणजे सत्तावीस दिवस थांबायला सांगितलं. निकियास थांबला. तेवढ्यात शत्रूनं बंदराचं तोंड अडवलं. सैन्याचा नाश झाला, निकियासला मारण्यात आलं, आणि किमान ७,००० कैदी दगडाच्या खाणींत कोंडले गेले, असं इतिहासकार थुसिडिडीस सांगतो. आणि संवादात सॉक्रेटिस याच निकियाससमोर सहज बोलल्यासारखं म्हणतो, की कायद्यानं सेनापती ज्योतिष्याच्या वर असतो, ज्योतिषी सेनापतीच्या वर नाही. ते वाक्य वाचताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. कशाला भ्यावं याचं ज्ञान म्हणजे शौर्य, हे त्या माणसाला तोंडपाठ होतं. प्रसंग आला तेव्हा तो चंद्राच्या सावलीला भ्याला.

## सॉक्रेटिस: वळत नाही म्हणजे कळलंच नाही

निकियासला कळलं होतं पण वळलं नाही, असं आपण म्हणू. सॉक्रेटिसला हे मान्य झालं नसतं. त्याच्या मते जाणूनबुजून कुणी वाईट करत नाही. विस्तवात हात घातला की भाजतं हे ज्याला खरोखर कळलंय तो हात घालत नाही. लाच घेऊ नये हे ‘माहीत असून’ जो घेतो, त्याला ते वाक्य माहीत आहे, गोष्ट कळलेली नाही. त्यामुळे लोकांना बाजारात गाठून प्रश्न विचारणं, त्यांना आपल्याला काहीच कळलेलं नाही हे दाखवून देणं, हे सॉक्रेटिसला परोपकाराचंच काम वाटत होतं. अथेन्सला ते तसं वाटलं नाही. इ.स.पू. ३९९ मध्ये त्याला विषाचा प्याला घ्यावा लागला.

या मताला एक जबरदस्त आकर्षण आहे. ते खरं असेल तर शिक्षणानं सगळं सुटेल. पण मधुमेहावर रोज रुग्णांना समजावणारा डॉक्टर स्वतः मिठाई खातो, तेव्हा त्याला काय कळायचं राहिलंय, हे सांगणं अवघड होतं.

## ॲरिस्टॉटल: आधी वळण

ॲरिस्टॉटलचा जन्म इ.स.पू. ३८४ मध्ये उत्तर ग्रीसमधल्या स्टॅगिरा गावी झाला. वडील मॅसिडोनियाच्या राजाचे वैद्य. सतराव्या वर्षी तो अथेन्सला प्लेटोच्या अकादमीत आला आणि वीस वर्षं राहिला. वैद्याच्या या मुलाच्या लिखाणात पथ्य, औषध आणि रोग्यांची उदाहरणं सतत डोकावतात. ‘निकोमाखियन एथिक्स’ या त्याच्या दहा भागांच्या ग्रंथात तो म्हणतो, चर्चा करून आपण चांगले होऊ असं समजणारे लोक वैद्याचं म्हणणं लक्ष देऊन ऐकणाऱ्या पण सांगितलेलं एकही न पाळणाऱ्या रोग्यांसारखे आहेत.

त्याचं उत्तर एका शब्दखेळात आहे. ग्रीकमध्ये ‘एथॉस’ म्हणजे सवय. त्यातला पहिला स्वर लांबवला की तोच शब्द ‘स्वभाव’ होतो. स्वभाव म्हणजे लांबवलेली सवय, असं जणू भाषाच सांगते. आपल्या भाषेनंही हेच केलंय. मुलाला ‘चांगलं वळण’ लागतं, अक्षराला वळण असतं, एखादी गोष्ट ‘अंगवळणी’ पडते. ‘कळतं पण वळत नाही’ यातलं वळणं आणि हे वळण एकच आहे. आणि वळण म्हटलं की वळवता येणारी वस्तू आलीच. दगड दहा हजार वेळा वर फेकला तरी त्याला वर जायची सवय लागत नाही, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. माणूस दगडासारखा नाही. जन्मतः तो सद्गुणी नसतो, पण सद्गुणी होण्याची सोय त्याच्यात असते.

घर बांधून बांधून गवंडी होतो, वाद्य वाजवून वाजवून वादक. तसंच न्यायानं वागून वागून न्यायी. इथे लगेच शंका येते, न्यायानं वागायला आधी न्यायी असायला नको का? ॲरिस्टॉटलनं ही शंका स्वतःच काढलीय. नवशिक्या मुलगा बाईंनी हात धरल्यावर ‘अ’ नीट काढतो. अक्षर बरोबर, पण ते अजून त्याचं नाही. कृती आपली व्हायची तर तीन गोष्टी लागतात: काय करतोय ते कळत असणं, ते त्याच गोष्टीसाठी निवडलेलं असणं, आणि ते डळमळणार नाही इतकं पक्कं असणं. भिंतीवरच्या त्या वाक्यातून नेमक्या पहिल्या दोन गोष्टी गळून गेल्यात. निव्वळ पुनरावृत्तीला ॲरिस्टॉटल सद्गुण म्हणत नाही. वळण लावलेलं असावं, आणि ज्याला लागलं त्यानं ते एक दिवस समजून आपलंसं केलेलं असावं.

आता रिक्षावाल्यांकडे परत. मोहाशी रात्रभर झगडलेल्या दुसऱ्याला ॲरिस्टॉटल मान देतो, पण त्याला ‘स्वतःला आवरणारा’ म्हणतो, सद्गुणी नाही. सद्गुणी तिसरा, कारण त्याची इच्छा आणि त्याचा विचार एकाच दिशेला आहेत. चांगलं करताना आनंद होतो की जिवावर येतं, ही वळण लागलं की नाही याची खूण. आणि चौथाही एक असतो: परत करायची असं ठरवून निघाला, आणि वाटेत पैसे खर्च करून बसला. हाच आपला ‘कळतं पण वळत नाही’वाला. त्याची अवस्था दारू प्यायलेल्या माणसानं पाठ केलेल्या कविता म्हणाव्यात तशी असते, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. शब्द बरोबर येतात, पण त्या क्षणी ते त्याच्यात उतरलेले नसतात. गंमत अशी की शेवटी ॲरिस्टॉटल सॉक्रेटिसच्या थोडा जवळ जातो: त्या क्षणापुरतं कळणंही झोपलेलंच असतं.

## ‘अति तिथे माती’ नाही, ‘मीठ चवीनुसार’

ॲरिस्टॉटलचा सगळ्यात प्रसिद्ध आणि सगळ्यात चुकीचा समजला गेलेला विचार म्हणजे मध्य. शौर्य हे भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मध्ये, उदारपणा हा कंजुषी आणि उधळपट्टीच्या मध्ये, विनोदबुद्धी ही पाचकळपणा आणि रुक्षपणाच्या मध्ये. यावरून लोक समजतात, की सगळं बेतानं करावं, फार रागवू नये, फार उत्साह दाखवू नये.

तसं त्यानं म्हटलेलं नाही. त्याचं उदाहरण आहे क्रोटोन गावच्या मायलोचं, ऑलिंपिकमध्ये सहा वेळा जिंकलेल्या नामांकित मल्लाचं. अन्न दहा मिना फार होतं आणि दोन मिना कमी पडतं, म्हणून प्रशिक्षक सहा मिना वाढणार नाही. मिना म्हणजे अथेन्सच्या मापानं साधारण ४३० ग्रॅम. सहा मिना मायलोला अपुरं आणि नवख्याला जड. गणितातला मध्य वेगळा, माणसाचा मध्य वेगळा.

आपल्या पाककृतींत शेवटी लिहिलेलं असतं, ‘मीठ चवीनुसार’. नव्यानं स्वयंपाक शिकणाऱ्याला हे वाक्य रडवतं. किती चमचे ते सांगा ना! पण त्यात आळस नाही, अचूकपणा आहे. भाजी किती, कुणाला वाढायची, सोबत लोणचं आहे का, यावर मीठ ठरतं. ते चुकूही शकतं, म्हणजे ‘चवीनुसार’ हे ‘वाटेल तितकं’ नव्हे. रागाबद्दल ॲरिस्टॉटल नेमकं हेच म्हणतो. रागावणं कुणालाही जमतं. योग्य माणसावर, योग्य तितकं, योग्य वेळी, योग्य कारणासाठी, योग्य रीतीनं रागावणं मात्र सोपं नाही. डोळ्यांदेखत कुणाला मारहाण होत असताना जो शांत राहतो, त्यानं मध्य गाठलेला नाही, त्यानं तो चुकवलाय. आणि काही गोष्टींना मध्यच नसतो. मत्सर, चोरी, खून हे बेतानं करायचे पदार्थ नाहीत.

स्वतःचा मध्य सापडत नसेल तर त्याचा एक सल्ला मला फार उपयोगी वाटतो. आपला कल कुठे आहे ते ओळखा आणि मुद्दाम उलट्या बाजूला जा, वाकडं लाकूड सरळ करणारे करतात तसं. जन्मजात कंजूष माणसानं थोडी उधळपट्टी केली तर तो उदारपणाशी पोहोचेल.

## मग नियम नाहीच? ज्यानं त्यानं आपापलं ठरवायचं?

हा पहिला आणि रास्त आक्षेप. सद्गुणी माणूस करेल ते योग्य, आणि योग्य करतो तो सद्गुणी, हे गोल गोल फिरणं झालं, असं टीकाकार म्हणतात.

ॲरिस्टॉटल नियम नाकारत नाही. नियम कुठे कसा लावायचा हे सांगणारा नियम नसतो, एवढंच तो दाखवतो. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची मोजपट्टी वापरत. ती ताठ नसे, दगडाच्या आकाराप्रमाणे वाके, आणि म्हणूनच वेडावाकडा दगड नीट मोजला जाई. अशी मोजपट्टी मनात असण्याला ग्रीकमध्ये ‘फ्रोनेसिस’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘तारतम्य’ हा शब्द तयार आहे. हे अनुभवानं येतं. तरुण मुलं गणितात निष्णात होतात पण तारतम्यात होत नाहीत, असं त्याचं निरीक्षण आहे.

गोल फिरण्याचा आरोप त्यामुळे पूर्ण सुटत नाही, हे मान्य करायला हवं. पण अनुभवी वैद्याचं निदानही कागदावरच्या यादीत पूर्ण बसत नाही, म्हणून आपण त्याला मनमानी म्हणत नाही. चुकलेलं निदान पुढे उघडं पडतंच.

## स्वभाव असं काही खरोखर असतं का?

हा आक्षेप आजच्या मानसशास्त्राचा आहे आणि तो जास्त बोचतो. १९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशक होण्यासाठी प्रिन्स्टनमध्ये शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन बोलायला सांगितलं. काहींचा विषय होता वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्या परक्या माणसाची बायबलमधली कथा. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला, हे मुद्दाम योजलेलं. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, यानं म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे स्वभाव वगैरे काही नाही, घड्याळ ठरवतं, असा निष्कर्ष काही तत्त्वज्ञांनी काढला.

मला हा प्रयोग ॲरिस्टॉटलच्या विरोधातला वाटत नाही. पक्का सद्गुण सर्रास आढळतो असं त्यानं कधी म्हटलं नाही. बहुतेक माणसं मधल्या दोन पायऱ्यांवर, आवरणाऱ्यांत किंवा न आवरता येणाऱ्यांत, असतात हे त्याचं मत. त्या विद्यार्थ्यांना कळलं होतं, काहींना तर त्याच विषयावर बोलायचं होतं. वळलं नव्हतं. मात्र ‘तो स्वभावानंच चांगला आहे, तो असं करणार नाही’ असं आपण किती सहज म्हणतो, याला या प्रयोगानं धक्का बसायलाच हवा.

## सद्गुण असूनही आयुष्य मातीमोल झालं तर?

ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम चांगला होता. युद्धात त्याची मुलं, त्याचं नगर, सगळं गेलं. त्याच्या जन्माचं सार्थक झालं असं कुणी म्हणेल का? ॲरिस्टॉटल म्हणतो, नाही. सार्थकाला सद्गुण लागतो, पण थोडं नशीबही लागतं: मित्र, पोटापुरता पैसा, धडधाकट मुलंबाळं.

यावर त्याच्या नंतरच्या स्टोइकांनी वाट वेगळी केली. सायप्रसहून आलेल्या झेनोनं इ.स.पू. ३०० च्या सुमारास अथेन्सच्या एका चित्रांकित ओसरीत शिकवायला सुरुवात केली. ओसरीला ग्रीकमध्ये ‘स्टोआ’, म्हणून स्टोइक. सद्गुण पुरेसा आहे, बाकी सगळं गेलं तरी चालेल, असं त्यांचं म्हणणं. आज मोबाइलवर फिरणारी बरीचशी ‘कणखर व्हा’ छाप वाक्यं या घराण्यातली. विचार भव्य आहे. तरी मूल गमावलेल्या बापाला तुझं काहीच गेलेलं नाही असं सांगणाऱ्यापेक्षा, गेलं रे बाबा असं म्हणणारा ॲरिस्टॉटल मला जास्त खरा वाटतो.

## गुलामांचं काय? स्त्रियांचं काय?

हा आक्षेप सारवासारव करून सोडू नये. ज्या अथेन्समध्ये सार्थकाची चर्चा चालली होती ते शहर गुलामांच्या श्रमावर उभं होतं. ॲरिस्टॉटलनं ‘पॉलिटिक्स’मध्ये काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात असं लिहिलं. स्त्रीकडे विचारशक्ती आहे पण त्या विचारशक्तीला अधिकार नाही, असं लिहिलं. त्या काळी सगळेच असं मानत होते, ही सबब चालत नाही. गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे असं काही जण म्हणतात, याची नोंद त्याच ग्रंथात त्यानं स्वतः केलीय. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की स्त्री आणि पुरुष यांना एकाच प्रकारचे सद्गुण लागतात. ॲरिस्टॉटल सॉक्रेटिसचं नाव घेऊन ते खोडतो. त्याच्या मृत्युपत्राची जी प्रत आपल्यापर्यंत आलीय तिच्यात काही गुलामांना मुक्त करण्याची सूचना आहे. ती वाचून बरं वाटतं, लिहिलेलं मात्र पुसलं जात नाही.

मला यात त्याच्या सिद्धांताचाच सगळ्यात कठोर पुरावा दिसतो. ज्या समाजात वाढलो त्याचं वळण आपल्याला लागतं, आणि त्या वळणाच्या आड जे असतं ते दिसत नाही. इतका तल्लख माणूस, समोर आक्षेप मांडलेला, तरी त्याला दिसलं नाही. पुढे स्टोइकांत एपिक्टेटस आला, गुलामीत वाढलेला, आणि रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसनं ज्यांच्या विचारांतून धडे घेतले त्यांत तो होता.

## इतक्या वर्षांनी हे परत का आलं?

थोडक्यात सांगायचं तर एका बाईंच्या संतापामुळे. १९५६ मध्ये ऑक्सफर्डनं अमेरिकेचे माजी अध्यक्ष ट्रुमन यांना मानद पदवी द्यायचं ठरवलं. तिथे शिकवणाऱ्या एलिझाबेथ ॲन्सकोम यांनी, हिरोशिमा-नागासाकीवर बॉम्ब टाकायची आज्ञा देणाऱ्याला पदवी कशी देता, म्हणून जाहीर विरोध केला. फार कुणी साथ दिली नाही. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, त्यांनी एक लेख लिहिला. आपलं नीतिशास्त्र परिणामांची बेरीज-वजाबाकी आणि आज्ञा देणारा कुणी (म्हणजे देव) उरलेला नसतानाचं ‘केलंच पाहिजे’ यांत अडकलंय, परत ॲरिस्टॉटलकडे बघायला हवं, असं त्यात म्हटलं होतं. त्यानंतर फिलिपा फूट, ॲलस्डेअर मॅकिन्टायर या तत्त्वज्ञांनी तो धागा पुढे नेला.

## वळण एकट्याला लागतं का?

शेवटचा प्रश्न, आणि मोबाइलवरच्या वाक्यांतून पूर्ण निसटलेला. तिथे सगळं ‘तुम्ही’ आहे: तुम्ही उठा, तुम्ही ठरवा. ॲरिस्टॉटलच्या ग्रंथाचे दहापैकी दोन भाग मैत्रीवर आहेत. मित्राशिवाय, बाकी सगळं मिळालं तरी, कुणाला जगावंसं वाटणार नाही, असं तो म्हणतो. आणि लहानपणी वळण लावणारं कुणी हवं: घर हवं, शाळा हवी, बरे कायदे हवेत. नुसत्या व्याख्यानांनी माणसं चांगली झाली असती तर व्याख्यानं देणारे केव्हाच श्रीमंत झाले असते, अशा अर्थाचं त्यानं शेवटच्या भागात लिहिलंय. जिथे शंभर रुपये सरकवल्याशिवाय दाखला मिळत नाही, तिथे मुलाला प्रामाणिकपणाचं वळण एकटी आई किती लावणार?

म्हणून तो नीतीचा ग्रंथ संपवतच नाही. त्याच्या शाळेनं ग्रीकांच्या १५८ नगरराज्यांच्या राज्यव्यवस्थांची माहिती गोळा केल्याचं जुन्या याद्या सांगतात. त्यातला अथेन्सवरचा एकच भाग इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडला आणि १८९१ मध्ये छापला गेला. या संग्रहाचा उल्लेख तो एथिक्सच्या शेवटच्या परिच्छेदात करतो: कोणत्या व्यवस्था टिकतात, कोणत्या मोडतात, का, हे आता बघू. मग ग्रंथाचं अगदी शेवटचं वाक्य येतं. त्याचा अर्थ एवढाच आहे, ‘तर मग सुरुवात करू या.’